दुमडलेलं पान

एसटीची वाट बघताना शेजारच्या मुलीने वहीचं पान उभं दुमडलं. डावीकडे ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’, ‘पुट अप विथ’, आणि त्यांचे मराठी अर्थ घडीखाली. ती पुटपुटायची, घडी उघडायची, चुकलं की कपाळावर हात मारायची. मीही वर्षानुवर्षं असंच केलं. सगळे अर्थ अजून तोंडपाठ आहेत. काय जाळायचंय ते पाठांतर! परवा मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आईबद्दल भराभर इंग्रजीत बोलले आणि मी मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर, आत सोबत असलेल्या आयामावशींना विचारलं, “काय म्हणाले हो?”

“आता औषधांचा उपयोग नाही, आईंना घरी न्या म्हणाले, ताई.”

आणि त्यावर मी हसून ‘येस, थँक्यू’ म्हणाले होते.