पावण्यांचं पातेलं

परदेशात जाऊन चिवड्याचे डबे उघडणाऱ्यांतली मी नव्हे. लेकानं इटलीचं काढलं तेव्हाच मी बजावलं होतं, ज्या सहलीत रोज पनीर आणि जिरा राइस मिळतो त्या सहलीला मी येणार नाही. जिथं जाऊ तिथलं खाऊ. कोल्हापुरात वीस वर्षं खानावळ चालवलेल्या बाईनं कुणाच्या अन्नाला बिचकायचं काही कारण नाही.

लेक, सून आणि मी असे तिघंच निघालो. सून खानावळीत माझ्याबरोबर उभी असते आणि आमचं एकाच गोष्टीवरून वाजतं. आमच्याकडे तांबड्या रश्श्याची दोन पातेली चढतात. एक रोजच्या गिऱ्हाइकांचं आणि आमचं स्वतःचं. दुसरं बाहेरगावाहून फिरायला आलेल्या पावण्यांचं. त्यात मटण शिजलेलं पाणी कमी, मिरची भरपूर आणि वर तेलाचा लालभडक तवंग. कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी, हे ठरवूनच ती माणसं येतात. मी त्यांना हवं ते देते. सुनेचं म्हणणं, ही फसवणूक आहे आणि अशानं खानावळीचं नाव जाईल. निघायच्या आदल्या दिवशीही यावरून आमची खडाजंगी झाली होती. तिला धंदा कळत नाही, असं माझं ठाम मत होतं.

व्हेनिसमध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या चौकातल्या एका हॉटेलात शिरलो. शिरलो कसले, दारातल्या माणसानं 'नमस्ते नमस्ते' करत आम्हाला आत ओढलं. मेनूकार्डावर पदार्थांचे रंगीत फोटो होते. तिथंच मी ओळखायला हवं होतं, कारण आमच्या दारातही तसलाच फोटो लावलाय.

खिम्याचा पास्ता आला. पास्ता सकाळीच उकडून ठेवलेला, खिमा वरून ओतलेला, दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. सगळं कोरडं ठणठणीत. मी सवयीनं ताट पुढे करून वाढप्याला खुणावलं, वाढा की जरा. आमच्याकडे रस्सा मागायला कुणी लाजत नाही आणि तो पोट भरेपर्यंत वाढायचा असतो. त्या माणसानं मान हलवली, ताट उचललं आणि चालू लागला. त्याला वाटलं, माझं जेवण झालं. लेक हसून हसून खोकायला लागला. मला भूक लागली होती आणि डोकंही फिरलं होतं.

मी उठले आणि वाढप्याच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात गेले. सून घाबरून माझ्यामागे आली. आत माझ्याच वयाची आचारीण बाई नुकतीच जेवायला बसली होती. तिच्यापुढे पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं दाट कालवण होतं, लसणाचा खमंग वास सुटला होता, शेजारी भाजलेला पाव. मी शेगडीवरच्या लहान पातेल्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, खुर्ची सरकवली आणि वाडगा भरून पुढे ठेवला.

ते इतकं झकास होतं की मला आणखीच राग आला. असं करता येतं तर बाहेर ते तसलं का पाठवता?

सून इंग्रजीत बोलायची, वाढपी ते बाईला त्यांच्या भाषेत सांगायचा. मीही खानावळवाली आहे हे कळल्यावर बाई खुलली. तुमच्याकडे फिरायला आलेल्या लोकांना तुम्ही काय वाढता, असं तिनं विचारलं.

"सांग तिला, आमी जेवतो त्येच वाढतो."

सून हळूच म्हणाली, "आई, तिनं तुम्हाला स्वतःच्या जेवणातलं दिलंय. तिच्याशी तरी खोटं नको."

"मग खरं सांग की. मी कुणाला भीत न्हाय."

सुनेनं दोन्ही पातेल्यांचं सगळं सांगितलं, मिरची आणि तवंगासकट. बाई नाक मुरडेल, चार शब्द सुनावेल, याची मी तयारी ठेवली होती. उत्तरही तयार होतं. पण बाई खळखळून हसली. तिनं लहान पातेल्याकडे बोट केलं, मग चौकातल्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या पातेल्याकडे. नंतर स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि त्याच हातानं माझा खांदा थोपटला. आपण दोघी एकाच जातकुळीतल्या, असं तिला म्हणायचं होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. तिच्या त्या कौतुकानं मात्र मी मेल्याहून मेले.

वाडगा संपवला, हात जोडले आणि बाहेर आले. लेक बिल देत होता. मी सुनेला म्हटलं, "घरी गेल्यावर त्ये दुसरं पातेलं बंद कर."

"तुम्हीच करा, आई," ती म्हणाली. "चढवलं तुम्ही होतं."