आम्ही पाच आरोपी

कोर्टाच्या पायरीवर बारा वर्षं बसलं की दुसरं काही मिळो न मिळो, किस्से मिळतात. नको म्हटलं तरी साचतात!

अठरा-एकोणीसचे होतो. सास्तूरच्या पुढं आमच्या फाट्यावर एसटी थांबत नव्हती, कॉलेज बुडायचं. म्हणून आम्ही पाच जण रस्त्यावर आडवे झालो. एसटी थांबली, पाठोपाठ पोलिसांची जीपही. थांबा आठ दिवसांत मिळाला. गुन्हा मात्र राहिला.

* * *

कोर्टात पडलेले नंबर कायमचे चिकटले. मी चार, बालाजी पाच. माझ्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ओरडलं, "आरोपी तीनला जिलबी वाढा रे!" सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

* * *

बालाजीला एकच ध्यास, एसटीचा ड्रायव्हर व्हायचं. हो, एसटी अडवणाऱ्याला! लायसन काढलं, बॅज काढला. पण चारित्र्य पडताळणीत दर वेळी तोच शेरा, 'गुन्हा प्रलंबित'. दोन भरत्या अशा हुकल्या.

"म्या काय दरोडा टाकलाय व्हय?" तो विचारायचा. आम्हाला लई वाईट वाटायचं. मग तो पुन्हा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसायचा.

* * *

निकाल लागावा तर नुसत्या तारखा. कधी पंच नाहीत, कधी कागद नाहीत. एकदा सगळे हजर, तर जज्जसाहेब रजेवर! वकील धीर द्यायचे, "निर्दोष सुटाल."

"कधी?"

"तेवढं विचारू नका!"

* * *

मग सरकारनं आंदोलनातले गुन्हे मागं घ्यायचं ठरवलं. आम्ही अर्ज केले. फाईल जिल्ह्याला गेली, मुंबईला गेली, शंका घेऊन परत आली. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान झालं होतं का?

एक नंबरनं लिहून दिलं, "सार्वजनिक न्हाय, पर माझी चप्पल गेली."

वकिलांनी कागद फाडला. पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

* * *

शेवटी खटला मागं घेतल्याचा हुकूम हातात पडला. बालाजीच्या वयात बसणारी एकच भरती उरली होती. चारित्र्याच्या अर्जावर गावातल्या दोन प्रतिष्ठितांच्या सह्या हव्या होत्या. एक सरपंचांनी दिली. दुसरी द्यायला कुणी धजेना. "केस हुती ना बाबा तुझ्यावर."

आमच्या केसचे फिर्यादी म्हणजे त्या दिवशीच्या एसटीचे ड्रायव्हरकाका. आता निवृत्त होऊन आमच्याच गावात राहतात. साक्षीसाठी हेलपाटे घालून तेही आमच्याइतकेच थकलेले. बालाजी त्यांच्याकडे गेला. काकांनी टोपी घातली, निघाले. आम्हीही मागोमाग पोलीस ठाण्यात गेलो.

हवालदारानं सही पाहिली. "काका, तुमी ह्याला कसं वळखता?"

"ह्यानंच माझी गाडी अडवली हुती."

हवालदाराचा पेन थांबला. "आन् तरी सही दिली?"

"बारा वर्षं बघतोय. एक तारीख चुकवली न्हाय पोरानं. गाडी टायमावर काढंल!"