धुरावर धुरी

धुरानं खोकणाऱ्या पोरीवर मी धुराचाच इलाज केला. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला शहाणी समजायची चूक तुमच्याकडून व्हायची नाही.

पाच-सहा वर्षं झाली. मी तेव्हा साठीला टेकलेली, आणि आपल्याला ठाऊक नाही असं जगात काही उरलंच नाही, अशा तोऱ्यात वावरणारी. मुलगा फौजेत, लांब सरहद्दीवर. घरात मी, सून आणि चार वर्षांची नात.

आमचं गाव वाटीच्या तळाशी असल्यासारखं. तिन्ही अंगांनी डोंगर, मधून नदी. दिवाळी झाली की साखर कारखान्याचं धुराडं सुरू होतं आणि त्याच्या मागोमाग गुऱ्हाळं. चिपाडं कमी पडली की गुऱ्हाळवाले चुलवाणात जुने टायर आणि तुटक्या चपला कोंबतात. थंडीत वारा पडला की हा धूर वर जातच नाही, खरकट्या पाण्यासारखा गावात तुंबून राहतो. दुधाच्या सायीवर काजळी. नाक शिंकरावं तर पदराला काळं. सकाळी फिरायला निघालेले पेन्शनर जागोजाग बेडके टाकत जातात, त्यातून पाय वाचवत दूध आणायचं. आणि पाचगणीहून उतरणारे पाहुणे घाटात गाड्या थांबवून फोटो काढतात, धुकं बघ किती छान म्हणून. बाबांनो, या की खाली, हुंगा.

तेव्हा मात्र मला यातलं काही खुपत नव्हतं. कसं खुपेल, त्या घाणीत माझाही वाटा होता. ऊस तुटून गेला की रानात गुडघाभर वाळका पाला उरतो, ते पाचट. ते पेटवलं की खोडवा, म्हणजे तुटल्या बुडख्यातून येणारा पुढचा ऊस, जोमानं फुटतो, अशी आमच्याकडं पक्की समजूत. त्या वर्षी एका संध्याकाळी घरामागचं दीड एकर मी स्वतःच्या हातानं पेटवलं आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिले, जशी काही लढाई जिंकून आले.

वारा नव्हता. धूर सरळ घरात शिरला आणि नात खोकायला लागली.

सून म्हणाली, "आत्या, मी हिला दवाखान्यात नेते."

"आगं, गार बाधलंय तिला. धुरी दिऊ, मोकळी हुईल."

"धुरानंच खोकतीय ती, आत्या."

"वव्याचा धूर म्हंजी औषिद. ह्यो काय चुलवाणातला हाय व्हय?"

वारं लागू नये म्हणून मी खिडक्या लावल्या. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची सालं. पोरीला मांडीवर घेतलं आणि दोघींवर घोंगडं ओढलं. थोड्या वेळानं खोकला थांबला. घोंगड्यातून डोकं काढून मी सुनेकडं बघून हसले. बघ म्हटलं, लसणाच्या एका सालात चार दवाखाने गुंडाळलेत.

खोकायलासुद्धा श्वास लागतो, हे त्या शहाणीला माहीत नव्हतं. पोरीच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत होते आणि ओठ निळे झाले होते. सुनेनं तिला माझ्या मांडीवरून हिसकावलं आणि अनवाणीच दवाखान्याकडं पळाली, मी मागोमाग. डॉक्टरांनी पोरीच्या तोंडाला वाफेचा मुखवटा लावला आणि मला खोलीबाहेर बसवलं. माझ्या लुगड्याला धुराचा वास मारत होता. मलाच माझी किळस आली.

पोर वाचली. दुसऱ्या दिवशी सून शांतपणे म्हणाली, "पुढच्या हंगामात घरात असा धूर आला, तर मी हिला घेऊन माहेरी पाचगणीला जाणार. तिथंच शाळेत घालीन."

पुढच्या वर्षी मी पाचट पेटवलं नाही, सरीत पसरून कुजू दिलं. बायका हसल्या. खोडवा नेहमीसारखाच फुटला. म्हणजे तीस वर्षं मी फुकटच गावाच्या नाकात धूर कोंबत होते.

पण बांधाला बांध लागून दुसरं रान आहे. त्याचा मालक माझ्या मुलाच्या वयाचा. त्याचा ऊस तुटला तशी मी बांधावर गेले. तो कडेचा पाला आत ओढत होता.

"बाबा, घरात पोर हाय. यंदा तेवढं पेटवू नगंस."

"काकी, मागं व्हा. ठिणगी उडंल."

अन् त्यानं काडी ओढली. आमच्या खिडक्यांतून धूर आत यायला लागला तेव्हा सुनेनं कपाट उघडलं. पिशव्या भरायला लागली. नात आता पाचगणीच्याच शाळेत आहे. गुऱ्हाळं बंद झाली की उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, तेवढीच.

त्या दोघी गेल्या त्या सकाळी मी पुन्हा बांधावर गेले. समोर त्याचं रान काळंठिक्कर पडलं होतं, कुठंकुठं अजून धुमसत होतं. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्याला घातल्या. त्यानं पायानं माती ढकलून कडेचा धुमसता पाला विझवला. मग म्हणाला,

"काकी, मी शेतीत नवा हुतो तवा हितंच हुबं ऱ्हाऊन तुमीच मला दावलं, वाऱ्याच्या उलट्या अंगानं काडी लावायची म्हून. माझी आय घरात धापत हुती, त्ये मी तुमास्नी सांगितलं, तर तुमी म्हनला, धूर काय कुनाला खातोय व्हय?"