काच पुसणारी बाई

दुष्काळात माजलगावच्या धरणाचं पाणी खाली गेलं आणि मच्छीमार सोसायटीची जाळी बुडालेल्या बाभळींत अडकू लागली. ती सोडवता यावीत म्हणून सोसायटीने सभासदांसाठी स्कुबा डायव्हिंगचं शिबिर घेतलं. ते कसं झालं हे तपासायला मला बोलावलं होतं.

शेवटच्या दिवशी सगळे म्हणाले, “लई भारी!” एक बाई तेवढी बाजूला बसली होती. मांडीवरच्या मास्कची काच ती पदराने पुसत होती, पुसलेली पुन्हा पुसत होती.

“भारी कसलं, म्याडम? खाली सगळं गढूळ. सोताचा हात दिसंना. मी भिऊन वर आले. इतक्यात छान लिहू नका.”

शिकवणारे सर हसले. “मावशी, तुम्ही काठावर बसा की.”

“काठावर जलमभर बसले. जाळं माझं हाय, दुसऱ्याला कावून पाठवू?”

घरातली पहिली पदवीधर मी. कळलं नाही की हात वर करायचा, याच जोरावर शिकले. सरांना सरळ सांगितलं, “शिबिर अपुरं आहे. गढुळात न बघता काम करायची सवय हवी. काचेवर कापड बांधून, दोरी धरून, आधी उथळ पाण्यात शिकवा.”

सर कुरकुरले, पण थांबले आणि त्यांनी दोन दिवस तसंच शिकवलं.

तिसऱ्या दिवशी ती खोल उतरली. दोरी ताणली, थांबली, पुन्हा सरकली. वर आली तेव्हा तिच्या मुठीत जाळ्याचा पदर होता. काच चिखलाने माखली होती, तिने पुसली नाही.

“आता छान लिहू?” मी विचारलं.

“थांबा की. निम्मं जाळं खालीच हाय,” म्हणाली आणि पुन्हा पाण्यात गेली.