एक ओळ खाली

हापशी बंद असल्याची तक्रार देऊन पंधरा दिवस उलटले आणि दुरुस्ती नाही, की त्या गावाची अख्खी ओळ लाल. हा नियम मी अमरावतीच्या खोलीत बसून शीटला लावला. 'रंग खोटं बोलत नाही', असं पत्रकातही छापलं. पत्रकात काहीही छापता येतं.

दहावी ओळ लाल झाली. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना भांडून गावात बोलावलं आणि मी धारणीची बस पकडली, पुढे जीप. उतरताच घोषणा सुरू केल्या. हापशीवर एक बाई हंडा भरत होती.

"काहून ओरडून राहिली वं बाई? लेकरू झोपलं माहं."

"हापशी बंद हाय ना?"

"बंद? पानी पे, मंग सांग."

प्यायले. गार होतं. साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाकीच्या तक्रारी बी अशाच समजू काय?"

धारणीत रेंज आली तशी शीट उघडली. पहिल्या ओळीत मथळे, म्हणून नियम दुसऱ्या ओळीपासून लावलेला. सूत्र मात्र पहिल्या ओळीपासूनचं: =AND($D1<TODAY()-15,$E1=""). प्रत्येक ओळ वरच्या गावाची तारीख बघून लाल होत होती. दोन्हीकडे १ चा २ केला. लाल रंग नवव्या ओळीवर चढला.

त्या गावच्या बाया महिनाभर नाल्यात झिरा उकरून पाणी भरत होत्या आणि माझ्या शीटवर ते गाव पांढरंशुभ्र. तारीख तिथंच होती, मीच टाकलेली. रंग आल्यापासून मी तारखा वाचणंच सोडलं होतं.

तशीच साहेबांच्या ऑफिसात गेले. अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेली मी. आवाज खाली ठेवायची सवय नाही. त्या दिवशी ठेवला.

"साहेब, चूक माझी. गाव दुसरं आहे."

"आता तिथं बी मले पानी पाजता काय?"

"तिथं घोटभर निघालं तर पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं. मग गुरुवारी मिस्त्री पाठवतो म्हणाले.

गुरुवार गेला. सकाळपासून त्या गावात फोन लावतेय, लागत नाही. ओळ लाल आहे, या वेळी बरोबर लाल. पण मी आता रंगावर विसंबून बसणार नाही. दुपारची बस आहे.