धुरावर फिरणारं चाक

साठच्या दशकात मी अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकवत होतो. वाचनालयातल्या एका विलायती मासिकात मला शर्यतीची मोटार दिसली. लांबुळकं अंग, चारही चाकं उघडी, बसायला एकच जागा. तिच्या इंजिनाला टर्बो होता. म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. वाया जाणारा श्वास पुन्हा कामाला लावायचा! कित्येक दिवस मी त्या कल्पनेच्या गुंगीतच होतो.

धरणाच्या कामावरच्या भंगारात मला एक टर्बो मिळाला. इंजिन जुन्या जीपचं. परसातल्या कडुनिंबाखाली सांगाडा उभा राहिला. बायको अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. वडिलांची जीप ती लग्नाआधीपासून चालवायची.

"यात बसणार कोन?" तिने विचारलं.

"मी."

"तुमचं वजन पाहा जरा. मीच चालवीन."

एका सकाळी आम्ही गाडी भातकुलीच्या रस्त्यावर नेली. दोन्हीकडे कापूस फुटला होता. तिने पेडल दाबलं, पण गाडी आपली रेंगाळतच राहिली. मग एकदम टर्बोची शीळ घुमली, गाडी उसळली, आणि धाडकन आवाज होऊन धुराचा लोट उठला. पिस्टनला भोक पडलं होतं.

बैलगाडीला दोर बांधून आम्ही परतलो. गाडीवान म्हणाला, "काहून बंद पडली, बाई?"

"हवा जास्त झाली, भाऊ," ती म्हणाली आणि हसत सुटली. मला मात्र रडू येत होतं.

घरी आल्यावर तिने सांगितलं, "फुटायच्या आधी आतून टणटण आवाज येत होता." तेव्हा माझ्या लक्षात आलं. हवा आधीच दाबून येत होती, तिला सिलिंडरमध्ये मी पुन्हा पहिल्याइतकीच दाबत होतो. पिस्टन बदलला. तांबटाकडून जाड पत्रा कापून आणला आणि हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखाली बसवला. आत थोडी मोकळीक झाली.

थंडीत पुन्हा तोच रस्ता. धुकं कापसासारखंच दिसत होतं. गाडी त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. नुसती शीळ ऐकू येत होती, बारीक होत जाणारी. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आपण जागे आहोत की झोपेत, तेही कळेना.

ती परतली तेव्हा पापण्यांवर दव होतं.

"कसं वाटलं?"

"आधी काहीच नाई. मंग कोनी मागून उचलून घेतल्यासारखं." स्टिअरिंगवरचा हात न काढताच म्हणाली, "उतर म्हनू नोका मले. अजून एक चक्कर मारतो."

शर्यत आम्ही कधीच लावली नाही. लावणार तरी कुठे? पुढे अकोल्याला बदली झाली. जाताना इंजिन तंत्रनिकेतनाला दिलं. मुलांना आतली रचना दिसावी म्हणून त्यांनी ते मधोमध कापलं. ती ते पाहायला आली नाही.