पाव टक्क्याचा सोबती

नव्वदच्या दशकात दुबईच्या करामा भागातल्या बऱ्याच नवऱ्यांना काही ना काही व्यसन होतं. मला एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांसाठीच्या, ठेवींचं होतं. व्याजावर टॅक्स नाही, आणि कुठली तरी बँक नेहमीच पाव टक्का जास्त देणार, की मी जुनी ठेव मोडून तिकडे. पुण्यातला आमचा फ्लॅट त्या पाव टक्क्यावरच उभा राहणार होता.

"अहो, मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कापतात ना?" बायको विचारायची. मी हसायचो.

कारण मी नव्या बँकेत गेलो, की रांगेत तो असायचाच. पन्नाशीचा, राखाडी सफारीतला. फॉर्म भरण्याआधी चष्मा पुसायचा, पेन झटकायचा आणि माझ्याकडे बघून जाणत्यासारखी मान हलवायचा. आम्ही कधी बोललो नव्हतो, पण तो दिसला की मी बेधडक सही ठोकायचो.

एकदा एसी बंद पडला आणि रांग बोलू लागली. मी विचारलं, "साहेब, चांगली बँक तुम्हाला बरोबर कशी कळते?"

चष्मा पुसणारा हात थांबला. "मला? अहो, तुम्ही दिसलात की मी निर्धास्त ठेव मोडतो!"

माझ्या फ्लॅटची एक बेडरूम तिथल्या तिथे कमी झाली.

तेवढ्यात काउंटर रिकामा झाला.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.

"छे छे, आधी तुम्ही."

आमच्या मागे उभे असलेले गृहस्थ हातात कोरा फॉर्म घेऊन आम्हा दोघांकडे मोठ्या विश्वासाने बघत होते.